मुखाशी कोण जातं?

मासे कुठे मिळाले हे खरं सांगणारा माणूस त्या धक्क्यावर अजून जन्माला यायचा होता. बायकोला सांगत नसत, सख्ख्या भावाला सांगत नसत, डॉक्टरने भूल देताना विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. टोपल्या भरून आलेल्याला कुणी विचारलंच, "कुठे रे?", तर तो हनुवटीने दक्षिणेकडे दाखवायचा आणि म्हणायचा, "मुखाशी." म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. तिथलं पाणी बारा महिने गढूळ, तळाला गुडघाभर चिखल, जाळं वर ओढताना खांदे निखळायची वेळ. तिथे कुणी जात नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि सांगणाऱ्यालाही ठाऊक. 'मुखाशी' याचा अर्थ 'तुला काय करायचंय' एवढाच. विचारणारा वाईट वाटून घेत नसे, कारण उद्या त्यालाही तेच उत्तर द्यायचं असे.

पिढ्यान्पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते शिंपलेबाईचं.

शिंपलेबाई ही मच्छीमार सोसायटीची सेक्रेटरी. बर्फाचा कोटा, डिझेलच्या पावत्या, कुणाचं जाळं कुणाच्या बोटीच्या पंख्यात अडकलं त्याची भांडणं, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडे. हे नाव तिला धक्क्याने ठेवलं होतं, कारण दोन वर्षं तिने एकच धोशा लावला होता: दोरांवर शिंपल्या वाढवायच्या. पाण्यावर तरंगते बोये, बोयांना आडवा जाड दोर, त्याला खाली लोंबणारे बारीक दोर, आणि त्या दोरांना चिकटून वाढणाऱ्या शिंपल्या. मधूनमधून समुद्री शेवाळाच्या रांगा. खायला घालायला नको, औषध नको; पाण्यात असेल ते खाऊन शिंपल्या वाढतात आणि पाणी उलट निवळतं. फक्त पाणी सकस हवं, म्हणजे गढूळ हवं. तिने मुखाच्या कडेला एका जुन्या खांबाला दोन दोर बांधून पाहिले होते. पावसाळ्यानंतर ते वर काढताना दोन माणसं लागली, इतक्या शिंपल्या धरल्या होत्या. धक्का हसला, नाव ठेवून मोकळा झाला. तिने मात्र त्या दिवशी नवऱ्याला फोन केला.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाकडे कामाला होता. वर्षातले बहुतेक महिने बाहेर. त्यांची मुलगी बापाला फोनच्या पडद्यावरच ओळखायची. मागच्या खेपेला तो दारात उभा राहिला तर पोरगी आजीच्या मागे लपली. तो रात्रभर जागा होता. त्याच आठवड्यात दोघांनी ठरवलं होतं की शिंपल्यांचं जमलं तर त्याने जहाज सोडायचं. बोये, दोर, नांगर, साधी तराफ्यासारखी बोट, एवढं घ्यायला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता आणि बँकेने तोंडाला पानं पुसली होती. उरलं होतं ते सरकारी अनुदान. ते मिळालं तर नवरा घरी, नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात त्याने आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करायची. इतकं ते सरळ होतं.

आणि घोडं पेंड खात होतं ते नकाशापाशी.

गेल्या वर्षी अनुदानाच्या कार्यालयाने समुद्राचा नकाशा करायला घेतला होता. जहाजं कुठून जातात, तळाशी केबल कुठे आहे, लोक कुठे पोहतात, मासेमारी कुठे चालते, ते सगळं एका कागदावर आणायचं, म्हणजे कुणाला कुठलं पाणी द्यायचं ते भांडणाशिवाय ठरेल. भांडणाशिवाय! मोठ्या बोटींवर जागा कळवणारं यंत्र असतं. लहान होड्यांवर नसतं, म्हणून माणसांना विचारावं लागणार होतं. ते काम आलं सोसायटीकडे, म्हणजे शिंपलेबाईकडे. ती भलामोठा कोरा नकाशा बगलेत मारून आणि लाल टिकल्यांचं पाकीट घेऊन घरोघर फिरली. ज्याने त्याने आपल्या जागेवर बोट ठेवायचं, तिने तिथे टिकली चिकटवायची.

ज्याने त्याने मुखावर बोट ठेवलं. चेअरमनने ठेवलं, ज्याला सगळे जावई म्हणत त्याने ठेवलं, डावऱ्याने डाव्या हाताचं ठेवलं. तिच्या स्वतःच्या बापानेही ठेवलं. कार्यालयाचे नकाशे कोण बघतं, असं म्हणून तिने टिकल्या लावल्या आणि नकाशा पोस्टात टाकला.

तर तो नकाशा बघणारा एक माणूस निघाला. शिंपलेबाईचा अर्ज गेला आणि महिन्याभराने नकाशेसाहेबांचा फोन आला. साहेब मृदू बोलणारे होते, त्यांना कायमची सर्दी होती. ते म्हणाले, तुमचा प्रस्ताव उत्तम आहे, फक्त तुम्ही मागितलेली जागा सगळ्या किनाऱ्यावर सगळ्यात गजबजलेली आहे. समोर नकाशा आहे, मुखाशी टिकल्यांवर टिकल्या आहेत, तिथे बोये टाकले तर मासेमार उपाशी मरतील. त्यापेक्षा पश्चिमेला खडकांच्या अलीकडे एवढं मोठं पाणी रिकामं पडलंय, एकही टिकली नाही, ते घ्या ना.

शिंपलेबाईने कपाळावर हात मारला. त्या रिकाम्या पाण्यात अख्खा धक्का मासे मारत होता. तिथे तिने एक बोया टाकला असता तर दुसऱ्या दिवशी लोकांनी तिलाच नांगराला बांधून खाली सोडलं असतं, आणि वर सोसायटीच्या खर्चाने शोकसभा घेतली असती. शिवाय ते पाणी नितळ. नितळ पाण्यात शिंपल्या हवा खाऊन वाढणार होत्या का?

"साहेब, त्या टिकल्या खोट्या आहेत," ती म्हणाली.

साहेब नाक ओढून म्हणाले, "बाई, टिकल्या तुम्हीच लावल्यात."

तिथून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. साधं काम होतं. प्रत्येकाने एवढंच लिहून द्यायचं होतं की मी मुखाशी जात नाही. खरं कुठे जातो ते सांगायची गरजही नव्हती. पण ज्या उंबऱ्यावर जावं तिथे कानांवर हात. जावई म्हणाला, मी मुखाशीच जातो, माझे सासरेही मुखाशीच जायचे. कालच तो भरल्या टोपलीनिशी खडकांकडून येताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. तसं ती म्हणाली तर तो म्हणाला, वारा तिकडून होता. डावरा म्हणाला, आधी बाकीच्यांकडून लिहून आण, मग मी देतो. बाकीचे म्हणाले, डावऱ्याने दिलं का? चेअरमनने तिला चहा पाजला, खुर्ची दिली आणि म्हणाला की हे बघ, मी एकट्याने लिहून दिलं की मी मुखाशी जात नाही, तर लोक विचारणार, मग कुठे जातो? आणि शोधायला लागणार. तिने समजावलं की अहो, तुम्ही मुखाशी जात नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चेअरमन म्हणाला, "माहीत असणं वेगळं आणि सांगणं वेगळं."

पालथ्या घड्यावर पाणी. ती संध्याकाळी घरी यायची ती चप्पल भिरकावतच. बाबा ओट्यावर जाळं विणत बसलेले असायचे. त्यांच्यासमोर ती सगळा वैताग ओकायची. ही माणसं माणसं नाहीत, खेकडे आहेत. एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडात. सरकार पैसे घेऊन दारात उभं आहे आणि हे दाराला आतून कडी लावून 'घरी कुणी नाही' म्हणतायत. मग ती बाबांकडेही वळायची, "आणि तुम्ही काय कमी आहात? जन्मभर मुखाशी, मुखाशी. आईलाही कधी कळलं नाही तुम्ही कुठे जाता ते." बाबा सुई दाताखाली धरून मान हलवायचे. होय की नाही ते त्या मानेवरून कळायचं नाही.

शेवटी तिने भीती घातली. तशी ती खोटीही नव्हती. तिने सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं की नकाशाप्रमाणे पश्चिमेचं पाणी रिकामं आहे, आणि रिकामं पाणी कार्यालय कुणालाही देऊ शकतं. एका पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्या कंपनीने चौकशी केली आहे. चौकशी खरोखरच झाली होती, साहेबांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. फळा वाचून दुपारपर्यंत धक्क्यावर अशी शांतता पसरली की बर्फाच्या कारखान्यातली मोटर ऐकू येत होती. संध्याकाळी चेअरमन स्वतः तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, साहेबांना बोलव. सगळ्यांसमोर एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

सुनावणी सोसायटीच्या सभागृहात झाली. सभागृह म्हणजे लिलावाची खोली. त्या दिवशी धुऊन काढली होती तरी फरशीला माशांचा वास होताच. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी प्रोजेक्टरने भिंतीवर नकाशा पाडला. मुखाशी लाल टिकल्यांचा गोवर उठला होता, बाकी समुद्र निळाशार, मोकळा. आपलंच खोटं एवढं मोठं करून भिंतीवर दाखवलेलं पाहून काही जण खाली बघायला लागले. जावई मोबाइल बघायला लागला.

साहेबांनी सर्दी सांभाळत समजावलं. पाणी एकच आहे आणि मागणारे पुष्कळ आहेत. एकाला दिलं की दुसरा ओरडतो. म्हणून खरं काय ते सांगा, म्हणजे पश्चिमेच्या सगळ्या पाण्यावर 'मासेमारांच्या वापरात' असा शिक्का मारता येईल. कोण नेमकं कुठे जातं ते मी विचारणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांना शिंपलेबाईने आदल्या दिवशी फोनवर तीनदा पढवलं होतं.

मग एकेक जण उठला. चेअरमन पहिला. घसा खाकरून म्हणाला, "मी मुखाशी जात नाही," आणि गुन्हा कबूल केल्यासारखा खाली बसला. साहेबांनी संगणकावर एक टिकली पुसली. डावरा उठला. जावई उठला, सासऱ्यांच्या वतीनेही उठला. कुणी नातेवाइकाच्या लग्नात उखाणा घेतल्यासारखं लाजत सांगितलं, कुणी भांडल्यासारखं. भिंतीवरचा गोवर उतरत चालला. शिंपलेबाई कोपऱ्यात उभी राहून एकेक टिकली जाताना बघत होती आणि प्रत्येक टिकलीबरोबर तिचा नवरा जणू एकेक बंदर जवळ येत होता.

शेवटची टिकली बाबांची होती. ते सावकाश उठले, टोपी काढून हातात घेतली. शिंपलेबाईकडे एकदा बघितलं.

"मी पण जात नाही," ते म्हणाले आणि बसले.

टिकली गेली. मुख स्वच्छ झालं. शिंपलेबाईला वाटलं आता टाळ्या वाजवाव्यात. साहेब मात्र भिंतीकडे बघत राहिले होते, आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं, कागद चाळले.

"म्हणजे मुखाशी आता कुणीच नाही?"

"कुणीच नाही, साहेब," शिंपलेबाई उत्साहाने म्हणाली. "कधीच नव्हतं."

"मग अडचण आहे," साहेब म्हणाले.

अडचण अशी होती की हे अनुदान नुसत्या शिंपल्यांचं नव्हतं. ते होतं एकाच पाण्याच्या सामायिक वापराचं. शेती करणारा आणि तिथला जुना मासेमार, दोघांनी एकाच पाण्यात एकमेकांना सांभाळून राहायचं, दोरांच्या रांगांमधून होडीला वाट ठेवायची, आणि ते जमतं हे दाखवून द्यायचं. त्याचेच तर पैसे होते. जुना वापरणारा एक तरी लागतो. नवा आणून बसवलेला चालत नाही. एकही नसेल तर प्रस्ताव बसतच नाही.

सभागृहात आधी कुणाला कळलं नाही. कळलं तसा मागच्या खुर्च्यांमधून हशा पिकला, आणि तो पुढपर्यंत आला. चेअरमनही हसला. शिंपलेबाईला मात्र हसू येईना. "साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला, "महिन्याभरापूर्वी तुम्ही म्हणालात तिथे फार लोक आहेत म्हणून जमणार नाही. मी घरोघर नाक घासून ते लोक काढले. आता म्हणता लोकच नाहीत म्हणून जमणार नाही. तुम्हाला नेमके किती लोक हवेत ते आधी सांगितलं असतं तर तेवढे शिल्लक ठेवले असते."

साहेब ओशाळले. नियम त्यांनी केले नव्हते. ते म्हणाले, एक. एक जरी असता तरी पुरला असता. आणि त्यांनी आशेने सभागृहाकडे पाहिलं. पण आयुष्यभर 'मुखाशी' म्हणणारे सगळे आता मूग गिळून बसले होते. ते खोटं सोडून द्यायला महिना लागला होता. आता तेच खोटं कुणी पुन्हा धरायला तयार नव्हतं. "त्या चिखलात कोण जाणार, साहेब," जावई म्हणाला. "मासा तरी असतो का तिथे?"

"मी जातो," बाबा म्हणाले.

ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, म्हणून अर्ध्या लोकांना ऐकू गेलं नाही. ते उठले. पुन्हा म्हणाले, "मी मुखाशी जातो."

या वेळी हशा मोठा होता. साहेबही नाइलाजाने हसले. म्हणाले, काका, दहा मिनिटांपूर्वी तर तुम्ही... बाबा म्हणाले, ते खोटं होतं. त्यावर डावऱ्याला ठसका लागला. मुलीसाठी म्हातारा काय करील सांगता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. ते बोलणं चांगल्या मनाने होतं, आणि म्हणूनच शिंपलेबाईचं डोकं फिरलं. जन्मभर खोटं बोललेला माणूस आता चारचौघांत, सरकारी माणसासमोर, तिच्यासाठी आणखी एक खोटं बोलत होता, आणि तेही असं की पोरही विश्वास ठेवणार नाही. साहेबांना उद्या वाटेल, सगळं घरच असलं. पुढच्या वर्षीचा अर्जही गेला म्हणायचा.

"बाबा, बसा खाली," ती म्हणाली. "एक दिवस तरी खरं बोला. माझ्यासाठी खोटं बोलू नका, पाया पडते."

 बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते साहेबांना म्हणाले, "भरती दुपारी लागते. तुम्ही चला माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघा."

साहेबांना समुद्राचा नकाशा तोंडपाठ होता, पण होडीत ते फारसे बसले नसावेत. पाय ठेवताच ते पिवळे पडले. शिंपलेबाई त्यांना धरून बसली; तिला यायचं नव्हतं, पण साहेब बुडाले तर आणखी एक कागद वाढला असता. बाबांनी इंजिन सुरू केलं. ते दक्षिणेला निघाले आणि थोड्या वेळाने मागे बघितलं तर अख्खा धक्का मागे येत होता. डावऱ्याला अचानक इंजिन तपासून बघायचं होतं. जावयाला वारं खायचं होतं. चेअरमनची होडी तर दुपारची कधी हलत नसे, तीही आली. सगळे जरा अंतर ठेवून, दुसरीकडेच बघत.

"परत फिरा," शिंपलेबाई हळूच म्हणाली. "बाबा, काहीच निघालं नाही तर तुमचं हसं होईल. माझं व्हायचं ते झालंय."

बाबांनी मागच्या होड्यांकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग इंजिन बंद केलं, वल्हं मारून होडी मुखाच्या आत घेतली, गढूळ पाण्याची आणि हिरव्या पाण्याची जिथे शिवण दिसते त्याच्या जरा अलीकडे. तिने खांबाला दोर बांधले होते तिथून ती जागा दूर नव्हती. त्यांनी जाळं टाकलं आणि वाट बघितली. साहेबांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा पाण्याचा रंग बदलायला लागला, नदी थांबली आणि समुद्र आत यायला लागला. बाबा म्हणाले, आता. जाळं जड होतं. शिंपलेबाईला वाटलं चिखल. तिने धरलं, साहेबांनीही धरलं, आणि तिघांनी ओढल्यावर जे वर आलं ते चंदेरी होतं, वळवळत होतं आणि होडीच्या बुडाशी मावत नव्हतं. बोय मासे, हातभर लांबीचे, एकेक चार जणांना पुरेल असा.

मागच्या होड्यांमध्ये माना उंचावल्या. वारं खायला आलेला जावई उठून उभा राहिला होता.

साहेबांनी फोटो काढले. जागेचे आकडे टिपून घेतले. पुन्हा एक टाकाल का म्हणाले, बाबांनी टाकलं, पुन्हा तसंच. मग साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. ते म्हणाले, बसतं. एक जुना मासेमार, एक नवी शेती, एकच पाणी. अगदी नियमात बसतं. दोरांच्या रांगांमध्ये काकांच्या होडीपुरती वाट ठेवा, मी पुढच्या आठवड्यात शिफारस पाठवतो. अर्थात दोर पडेपर्यंत पाणी सगळ्यांना मोकळं आहे, तिथे कुणाला अडवता येणार नाही. हे त्यांनी सहज सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यांना ते धक्क्यावरून निघतानाच माहीत होतं.

साहेबांना त्यांनी मुखाच्या काठावर उतरवलं. जमीन दिसल्यावर ते होडीत थांबायला तयार नव्हते. होडीत दोघंच राहिली. मागे डावऱ्याने जाळं टाकलंच होतं, त्याच्या शेजारी चेअरमनने. बाबांनी तिकडे पाठ केली आणि मासे टोपल्यांत भरायला घेतले.

शिंपलेबाईला काय वाटत होतं ते तिचं तिला कळत नव्हतं. नवरा घरी येणार होता. पोरगी बापाला दारात ओळखणार होती. आणि तरी तिच्या अंगाचा संतापाने तीळपापड होत होता, महिन्याभराचा सगळा, आणि समोर एकच माणूस होता.

"एवढं रान उठवलं मी," ती म्हणाली. "रोज तुमच्यासमोर बसून रडले. लोकांच्या पाया पडले. आणि तुम्ही खरोखर इथे येत होता. एकदा, एकदाच सांगता आलं नाही तुम्हाला?"

बाबांचे हात थांबले नाहीत.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू नकाशा घेऊन आलीस तेव्हा. माझ्या बापाने ही जागा मला मरेपर्यंत सांगितली नव्हती, मी शोधून काढली. तुझ्या आईलाही सांगितली नाही. पण तू विचारलंस. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर विचार केला असता. तू विचारलंस म्हणून मी बोट ठेवलं." त्यांनी एक मासा उचलून टोपलीत टाकला. "तू हसलीस."

तिला आठवलं. ती हसली होती, 'तुम्ही पण ना, बाबा' म्हणाली होती आणि टिकली तिरकी लागली तरी सरळ केली नव्हती.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही म्हणालात?"

"काय म्हणणार? आपण खरं बोलतो असं ओरडून सांगायची मला सवय नाही." बाबांनी टोपली तिच्याकडे सरकवली. "नंतर तुला हीच जागा हवी झाली. म्हटलं, घेऊ दे. धर, तिकडची बाजू धर."

तिने टोपलीची तिकडची बाजू धरली. टोपली जड होती. दोघांनी उचलून ती मध्यभागी ठेवली, मग दुसरी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात माशांनी भरलेले असल्यामुळे पुसताही येत नव्हतं. बाबांनी इंजिन सुरू केलं. धक्का येईपर्यंत ती त्यांच्याकडे तोंड करून बसून राहिली.